कपाशीवरील मावा आणि त्याला खाणाऱ्या मित्रकिडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाशीच्या पानामागे मावा दिसला की हात आधी फवारणी पंपाकडे जातो. पण त्याच पानावर, माव्याच्या गर्दीत, त्याला खाणाऱ्या किडी बहुधा आधीच कामाला लागलेल्या असतात. त्या ओळखू येत नाहीत म्हणून फवारणीत मरतात आणि उरलेल्या माव्याला रान मोकळे मिळते. शेतकरी आणि कृषीचे विद्यार्थी या मित्रकिडींबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

मावा बघता बघता एवढा वाढतो कसा?

उबदार हवेत कपाशीवरच्या माव्याला, म्हणजे एफिस गॉसिपीला, नराची गरजच पडत नाही. मादी अंडी न घालता थेट पिल्ले देते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ जन्माआधीच सुरू झालेली असते. पिल्लू चार वेळा कात टाकते आणि साधारण आठवडाभरात स्वतः पिल्ले देऊ लागते. पानावर दाटी झाली किंवा पानाचा कस उतरला की पंख असलेल्या माद्या तयार होतात. त्या उडून दुसऱ्या झाडावर बस्तान मांडतात.

माव्याचे दोन मोठे शत्रू म्हणजे ढालकिडा (लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला भुंगेरा) आणि क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा कीटक). त्यांची एक पिढी पूर्ण व्हायला तीन ते चार आठवडे लागतात. म्हणजे वाढीच्या शर्यतीत मावा नेहमीच पुढे असतो. तरीही मित्रकिडी त्याला आवरतात, कारण त्यांची भूक मोठी असते आणि वसाहत लहान असतानाच त्या तिथे पोहोचतात. सुरुवातीला खाल्लेल्या एका मादीबरोबर तिची पुढची सगळी पिल्लावळ टळते. म्हणून हंगामाच्या पहिल्या टप्प्यात शेतात असलेला एक ढालकिडा मला नंतरच्या दहांपेक्षा मोलाचा वाटतो.

माव्यामुळे नेमके काय बिघडते?

मावा सोंडेने पानातला रस ओढतो. कोवळी पाने खालच्या बाजूला मुडपतात, झाडाची वाढ मंदावते. रसातली जास्तीची साखर तो चिकट गोड थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. हा चिकटा खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पानाला ऊन मिळत नाही. रोप जोमदार असेल आणि प्रादुर्भाव लवकर ओसरला तर कपाशी सुरुवातीचे नुकसान बऱ्याच अंशी भरून काढते. बोंडे फुटल्यावर आलेल्या माव्याची गोष्ट वेगळी, तिच्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

माव्याच्या शत्रूंमध्ये कोण कोण येते?

दोन गट आहेत. पहिला भक्षकांचा. ढालकिडे, क्रायसोपा, सिरफिड माशीची अळी आणि काही जातींचे ढेकूण मावा खातात किंवा त्याचा रस शोषतात. दुसरा गट परोपजीवी किडींचा. या चिमुकल्या गांधीलमाश्या माव्याच्या अंगात अंडे घालतात आणि त्यांची अळी माव्याला आतून खाते. कोळीही मावा मारतात, पण ते आठ पायांचे असल्यामुळे कीटकांत मोडत नाहीत.

ढालकिडा ओळखता येतो. त्याची अळी कशी दिसते?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला भुंगेरा लहान मुलेही ओळखतात. पण त्याची अळी पाहून अनेकजण घाबरतात आणि ‘ही कुठली नवी कीड आली?’ म्हणत ती चिरडतात. अळी लांबट, गर्द करड्या किंवा काळपट रंगाची, शेपटीकडे निमुळती असते. अंगावर पिवळे किंवा नारिंगी डाग आणि बारीक खरबरीत उंचवटे असतात. तिला सहा ठळक पाय असतात आणि ती पानावर भराभर फिरते. पाने खाणाऱ्या अळीसारखी ती मऊ, गुबगुबीत नसते आणि तिच्यामुळे पानाला कधीही भोक पडत नाही.

अंडी पिवळी, दोन्ही टोकांना निमुळती आणि पानावर उभी रोवल्यासारखी, पुंजक्याने असतात. उबदार हवेत ती तीन-चार दिवसांत फुटतात. आकाराने लहान असलेली अळी दिवसाला थोडाच मावा खाते, पण शेवटच्या अवस्थेतली अळी खादाड असते आणि पूर्ण वाढलेल्या भुंगेऱ्याच्या बरोबरीने खाते. त्यानंतर ती पानाला शेपटीने चिकटून कोष करते. हा नारिंगी-काळा गोळा हलत नाही म्हणून तो रोगाचा फोड समजून खुडून टाकला जातो. तो झाडावरच राहू द्या.

कपाशीत सापडणाऱ्या जातींपैकी सात ठिपक्यांचा कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटा आणि नागमोडी काळ्या रेघांचा चिलोमेनस सेक्समॅक्युलाटा आशियात सर्रास दिसतात. अमेरिकेत हिप्पोडेमिया कन्व्हर्जन्स ही जात जास्त ओळखीची आहे. भुंगेऱ्याला बोट लावले की तो पायांच्या सांध्यांतून पिवळा कडू द्रव सोडतो. त्यामुळे पक्षी आणि मुंग्या त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. माणसाला त्याचा त्रास नाही.

माव्यात पांढऱ्या कापसासारख्या अळ्या दिसतात. तो पिठ्या ढेकूण समजायचा का?

घाई करू नका. स्किम्नस नावाच्या अगदी छोट्या ढालकिड्यांच्या अळ्या अंगावर पांढऱ्या मेणाचे झुबके वागवतात आणि पहिल्या नजरेत पिठ्या ढेकणासारख्याच दिसतात. काडीने हळूच डिवचून पाहा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही आणि दाबला की पिचपिचीत होतो. स्किम्नसची अळी चपळपणे पळते आणि मेण बाजूला झाले की खाली सहा पायांचे निमुळते शरीर दिसते. पिठ्या ढेकूण समजून या अळीवर औषध मारणे म्हणजे आपल्याच बाजूच्या किडीला मारणे.

केसासारख्या बारीक देठावर टांगलेली अंडी कोणाची?

क्रायसोपाची. हिरव्या नाजूक अंगाचा, सोनेरी डोळ्यांचा, जाळीदार पंखांचा हा कीटक संध्याकाळी आणि रात्री उडतो. मादी पानावर चिकट द्रवाचा थेंब ठेवून तो वर ओढते, त्याची ताठ दांडी होते आणि तिच्या टोकावर ती एक अंडे ठेवते. मुंग्यांसारख्या शिकाऱ्यांपासून अंडे वाचते, आणि आधी बाहेर पडलेल्या भावंडापासूनही. क्रायसोपाच्या अळ्या इतक्या भुकेल्या असतात की समोर जे मऊ दिसेल ते खातात, त्यात स्वतःच्या जातीची अंडीही आली. अंडे आधी हिरवट असते, फुटण्याआधी करडे होते. पांढरे, पोकळ दिसले तर अळी निघून गेली असे समजा.

अळी करडी-तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळती असते आणि तोंडापुढे विळ्यासारखे दोन वाकडे जबडे असतात. हे जबडे पोकळ असतात. ती मावा पकडते, उचलून धरते, आत पाचकरस सोडते आणि विरघळलेला भाग शोषून घेते. मागे माव्याची सुरकुतलेली कातडी उरते. वाढीच्या दोन-तीन आठवड्यांत एक अळी शेकडो मावा संपवते. सोबत पांढऱ्या माशीची पिल्ले, फुलकिडे आणि बोंडअळीची अंडीही खाते. शेतात आणि प्रयोगशाळेत सर्वाधिक दिसणाऱ्या क्रायसोपर्ला या वंशात पूर्ण वाढलेला कीटक मात्र मावा खात नाही. तो परागकण, मधुरस आणि माव्याचाच चिकटा यांवर जगतो. म्हणून फुले नसलेल्या शेतात तो टिकत नाही.

बिनपायाची हिरवट, गोगलगायीसारखी सरकणारी अळी मावा खाते का?

हो, ती सिरफिड माशीची अळी आहे. तिला पाय नाहीत, डोके स्पष्ट दिसत नाही, पुढचे टोक टोकदार असते. ती आंधळी असते. डोके डावी-उजवीकडे हलवत चाचपडते, मावा लागला की त्याला उचलून शोषते. तिची आई मधमाशीसारख्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी असते, पण तिला दोनच पंख असतात आणि ती हवेत एका जागी स्थिर राहते. डंख मारत नाही. पांढरी लांबट अंडी ती माव्याच्या वसाहतीजवळच एकेकटी घालते, त्यामुळे अळीला अन्न शोधत फिरावे लागत नाही.

माव्याच्या दाटीत दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या नारिंगी अळ्या दिसल्या तर त्या ॲफिडोलेटिस नावाच्या चिलटासारख्या माशीच्या असतात. त्या माव्याच्या पायाच्या सांध्यात विष सोडून त्याला लुळा करतात. मावा भरपूर असला की भुकेपेक्षा जास्त मारतात. इतक्या लहान असल्यामुळे त्या भिंगाशिवाय नजरेतून सुटतात.

कपाशीतले सगळे ढेकूण शत्रूच ना?

नाही. लाल ढेकूण आणि करडा ढेकूण सरकीचा रस शोषतात, तो भाग वेगळा. पण ओरियस हा दोन मिलिमीटरचा काळा-पांढरा ढेकूण, मोठ्या बाहेर आलेल्या डोळ्यांचा जिओकोरिस आणि लांबट भुरा नॅबिस हे तिघे शिकारी आहेत. फुलकिडे, पानाचा रस शोषणारे लाल कोळी, लहान अळ्या, अंडी आणि मावा असे मिळेल ते ते खातात. एकट्या माव्यावर त्यांची भिस्त नसते, त्यामुळे मावा नसतानाही ते शेतात टिकून राहतात.

काही मावा फुगून तपकिरी, टणक होतो आणि हलत नाही. हा कोणता रोग?

रोग नाही. याला ममी म्हणतात आणि हे पाहून आनंद व्हायला हवा.

ॲफिडियस किंवा लायसिफ्लेबस या वंशातली दोन-तीन मिलिमीटरची काळसर गांधीलमाशी माव्यासमोर उभी राहून पोट पायांखालून पुढे वाकवते आणि क्षणात त्याच्या अंगात एक अंडे सोडते. मावा आणखी काही दिवस रस शोषत राहतो, पण आत अळी वाढत असते. त्याची पिल्ले देण्याची ताकद घटते आणि मग संपते. अगदी लहानपणीच अंडे घातले गेले तर तो मावा एकही पिल्लू देत नाही. आठवडा-दीड आठवड्यात अळी माव्याला आतून पोखरून टाकते, त्याच्या पोटाला खालून चीर पाडून त्याला रेशमाने पानाला चिकटवते आणि आतच कोष करते. हीच ती फुगीर, भुरी, चर्मपत्रासारखी ममी. ॲफेलिनस या दुसऱ्या वंशाची ममी काळी आणि सडपातळ असते.

ममीच्या मागच्या बाजूला गोल, नेटके भोक दिसले तर गांधीलमाशी बाहेर पडून पुढच्या माव्यांच्या मागे लागली आहे. भोक वेडेवाकडे, फाटल्यासारखे असेल तर बहुधा दुसऱ्याच परोपजीवीने आपल्या मित्रकिडीलाच खाल्ले आहे. अशी फाटकी भोके वाढू लागली तर परोपजीवींवर फार विसंबू नका.

दिसणाऱ्या ममींपेक्षा खरे काम नेहमी मोठे असते. ज्यांच्या अंगात आज अंडे आहे ते मावे बाहेरून अगदी धडधाकट दिसतात. दर शंभरात दहा-बारा ममी मोजल्या तर अंडे पोटात घेऊन फिरणारे आणखी कितीतरी असणार हे लक्षात ठेवा.

मित्रकिडी एकमेकींना खात नाहीत का?

खातात, आणि त्याचा परिणाम पिकावर होतो. कॅलिफोर्नियाच्या कपाशीत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. बंदिस्त झाडांवर क्रायसोपाच्या अळ्या एकट्या असताना त्यांनी मावा चांगला आवरला. त्यांच्यासोबत शिकारी ढेकूण सोडल्यावर ढेकणांनी क्रायसोपाच्या अळ्याच फस्त केल्या आणि मावा पुन्हा वाढला. ढालकिड्याच्या अळ्याही माव्याबरोबर ममी खाऊन टाकतात.

यावरून ढेकूण नकोत असा निष्कर्ष काढू नका, इतर किडींवर त्यांचा उपयोग मोठा आहे. एवढेच समजा की शिकाऱ्यांची नुसती बेरीज करून मावा किती कमी होईल हे सांगता येत नाही. खात्री हवी तर चार दिवसांनी तेच झाड पुन्हा मोजा.

झाडावर मुंग्यांची रांग आहे. मुंग्या मावा खातात का?

बहुतेक वेळा उलटे असते. मुंग्यांना माव्याचा गोड चिकटा हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात. ढालकिड्याच्या अळ्यांना चावून हुसकावतात, परोपजीवी गांधीलमाश्यांना बसू देत नाहीत. ज्या झाडांवर मुंग्यांची वर्दळ आहे तिथे माव्याची वसाहत बहुधा मोठी आणि मित्रकिडी कमी सापडतील. पाहणी करताना अशी झाडे स्वतंत्र नोंदवा, नाहीतर सगळ्या शेताचा अंदाज चुकतो.

फवारायचे की थांबायचे, हे कसे ठरवायचे?

शेताच्या कडेची दोन झाडे बघून ठरवू नका. मावा ठिपक्याठिपक्याने, कडेला आणि खोलगट ओल्या भागात आधी वाढतो. शेतात तिरपे चालत वेगवेगळ्या ठिकाणची झाडे निवडा. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे पान उलटून बघा. एका स्तंभात मावा मोजा. दुसऱ्या स्तंभात ढालकिड्याची अंडी, अळ्या, भुंगेरे, क्रायसोपाची अळी, सिरफिडची अळी आणि ममी लिहा. पानावर पांढरी भुकटी दिसली तर ती माव्याने टाकलेली कात असते. तिच्यावरून सध्याचा मावा किती हे ठरवू नका.

तीन-चार दिवसांनी पुन्हा त्याच पद्धतीने मोजा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन पाहण्यांमधला फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मावा वाढला आणि मित्रकिडींचा पत्ता नाही, तर उपाय करावा लागेल. मावा जास्त आहे, पण अळ्या आणि ममीही वाढत आहेत, तर थोडे थांबणे बहुधा फायद्याचे ठरते. मित्रकिडी माव्यामागून येतात, कारण अन्न असल्याशिवाय त्या अंडी घालत नाहीत. हा काही दिवसांचा उशीर सहन करणे सगळ्यात अवघड असते आणि नेमकी तेव्हाच फवारणी होते. आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे किडीच्या ज्या संख्येपासून फवारणीचा खर्च परवडतो ती, प्रदेश, वाण आणि पिकाच्या वयानुसार बदलते. आपल्या भागासाठी शिफारस केलेला आकडाच वापरा.

कोणत्या फवारण्या मित्रकिडींना सर्वाधिक घातक ठरतात?

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधे. ती बहुतेकदा बोंडअळीसाठी मारली जातात, पण ढालकिडे आणि परोपजीवी त्यात साफ होतात. मावा मात्र पानाच्या मागे वाचतो, आणि अनेक ठिकाणी त्याने या औषधांना दाद देणे सोडले आहे. पंधरवड्यात मावा पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागतो. मग माव्यासाठी दुसरी फवारणी, नंतर तिसरी. बऱ्याच शेतांत माव्याचा उद्रेक अशा फवारणीनेच घडवलेला असतो. ॲसिफेटसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधेही मित्रकिडींना कठोर आहेत.

फवारणी टाळता येत नसेल तर निंबोळी अर्क किंवा रस शोषणाऱ्या किडींपुरते काम करणारे फ्लोनिकॅमिडसारखे औषध मित्रकिडींना त्या मानाने सौम्य पडते. पीक, मात्रा आणि वेचणीपूर्वीचा थांबा (शेवटची फवारणी आणि वेचणी यांत सोडायचे दिवस) लेबलवर दिल्याप्रमाणेच पाळा. मावा ठिपक्यांत असेल तर तेवढ्याच भागावर फवारा. अख्खे शेत भिजवले तर मित्रकिडींना परत यायला जागाच उरत नाही.

बीजप्रक्रिया केलेले बियाणे मित्रकिडींना चालते का?

पेरणीआधी बियाण्याला कीटकनाशक लावणे म्हणजे बीजप्रक्रिया. पानांवरच्या फवारणीपेक्षा ती सुरक्षित आहे, कारण औषध झाडाच्या आत असते आणि सुरुवातीचे काही आठवडे रोप वाचते. पण ती पूर्ण निर्धोक नाही. झाडाच्या रसातून पसरणारे हे आंतरप्रवाही औषध कपाशीच्या मधुग्रंथींतल्या (पानावरच्या गोड रस सोडणाऱ्या ग्रंथींतल्या) रसात उतरू शकते आणि तो रस परोपजीवी पितात. शिवाय त्याच गटाचे औषध पुढे पुन्हा फवारले तर माव्यात प्रतिकारशक्ती वाढते. बियाण्याला इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम लावले असेल तर फवारणीसाठी दुसऱ्या गटाचे औषध निवडा.

बीटी कपाशीमुळे मित्रकिडी कमी होतात का?

बीटी प्रथिन बोंडअळ्यांवर काम करते, माव्यावर आणि ढालकिड्यांवर नाही. खरा फरक फवारण्यांच्या संख्येने पडतो. उत्तर चीनमधील ६ प्रांतांतल्या ३६ ठिकाणी १९९० ते २०१० या काळात गोळा केलेली माहिती २०१२ साली प्रसिद्ध झाली. बीटी कपाशी आल्यावर कीटकनाशके कमी झाली, तसे ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी वाढले आणि मावा घटला. शेजारच्या मका, भुईमूग आणि सोयाबीनच्या शेतांनाही त्याचा लाभ होत असावा, असे संशोधकांना दिसले. बीटी वाण लावूनही सवयीने पायरेथ्रॉइड फवारत राहिले तर हा फायदा मिळत नाही.

ढालकिडे विकत आणून सोडले तर?

उघड्या शेतात याचा भरवसा कमी. गोळा करून आणलेले प्रौढ ढालकिडे दोन-तीन दिवसांत उडून जातात, विशेषतः हिप्पोडेमिया. क्रायसोपाची अंडी किंवा लहान अळ्या सोडणे अधिक फलदायी, कारण अळीला पंख नसतात. त्यातही वसाहती लहान असताना, संध्याकाळी, आणि घातक औषधाचा अंश पानावर नसताना सोडल्या तरच. अळ्या दाटीने एका जागी टाकू नका, त्या एकमेकींना खातील. माझ्या मते विकत आणण्यापेक्षा आहेत त्या टिकवण्यावर कष्ट घ्यावेत.

त्या टिकाव्यात म्हणून शेतात काय करता येते?

कपाशी स्वतःच मदत करते. तिच्या पानामागच्या मुख्य शिरेवर आणि पात्याखालच्या भागात मधुग्रंथी असतात. फुले येण्याआधीही परोपजीवींना आणि क्रायसोपाला तिथे रस मिळतो. गॉसिपियम टोमेंटोसम या रानटी जातीत या ग्रंथी नसतात. तिच्यापासून काही किडींना आळा घालण्यासाठी मधुग्रंथी नसलेले वाण तयार झाले, पण अशा वाणांत मित्रकिडींचेही अन्न जाते.

मधे मधे किंवा कडेने मका, ज्वारी अशी तृणधान्ये असली की त्यांच्यावर येणारा मावा वेगळ्या जातीचा असतो. तो कपाशीवर उतरत नाही, पण त्याच्यावर पोसलेले ढालकिडे कपाशीत येतात. भेंडी आणि काकडीवर्गीय पिकांबाबत सावध राहा, कपाशीचा मावा तिथेही राहतो. नत्र बेताने द्या. जास्त नत्राने पाने लुसलुशीत होतात आणि माव्याची पैदास मित्रकिडींच्या आवाक्याबाहेर जाते. पिवळे चिकट सापळे पाहणीपुरतेच लावा, कारण त्यांवर मित्रकिडीही अडकतात.

भरलेला मावा आठवड्यात अचानक नाहीसा झाला. कोणी खाल्ला?

कदाचित कोणीच नाही. दमट हवेत निओझायगाइटिस फ्रेसेनी ही बुरशी माव्यात साथ पसरवते. मेलेले मावे करडे, मखमली दिसतात. अमेरिकेच्या अरकान्सास राज्यात ही साथ इतकी नियमित येते की माव्याचे नमुने तपासून, सुमारे १५ टक्के मावा बाधित आढळला तर साथ लवकरच मावा खाली आणेल असे मानून फवारणी थांबवण्याचा सल्ला दिला जातो. जोरदार पावसानेही मावा धुऊन जातो.

बोंडे फुटल्यावर मावा आला तरी मित्रकिडींवरच सोडायचे का?

इथे धीर कमी ठेवावा लागतो. उघड्या रुईवर चिकटा पडला तर धागा चिकट होतो, सूतगिरणीत यंत्रे अडतात आणि मालाला दर कमी मिळतो. मित्रकिडी मावा कमी करतात, पण पडलेला चिकटा पुसत नाहीत. बोंडे फुटू लागली की दर तीन दिवसांनी पाहणी करा, वरच्या पानांवर चकाकी दिसते का बघा आणि मावा वाढताना दिसला तर वेचणीपूर्वीचा थांबा सांभाळून लवकर निर्णय घ्या. फुटलेला कापूस शेतात लोंबत ठेवू नका, वेचून घ्या.